वांग्यांवरचा आळ आणि जीभ उचलणारी पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबीला तुमच्या बोटापेक्षा जराशी मोठी. माझं एक टोक फुलपाखराच्या पंखांसारखं पसरट आहे आणि त्या दोन पंखांच्या मधोमध एक अरुंद फट आहे. मित्रांनो, त्या फटीतच माझं सगळं आयुष्य मावलं.

मला घडवणाऱ्या कारागिरानं शेवटी माझ्या कडांवरून अंगठा फिरवला होता. जरा कुठे खरखर लागली, की तो पुन्हा कानस हातात घ्यायचा. "हिला धार नको," तो शेजारच्याला म्हणाला, "हिनं दुसरीची धार सांभाळायची." ती दुसरी, म्हणजे कात्री, शेजारीच चकाकत होती. खरं सांगते, तेव्हा मला तिचा हेवा वाटला.

मग आम्ही दोघी रशीद नावाच्या गावात आलो, मासळीबाजारामागे डॉक्टर इन्साफ यांच्या दवाखान्यात. रोज सकाळी वाफेच्या पेटीत न्हायचं आणि न्हाल्याशिवाय कुणा बाळाला शिवायचं नाही, हा माझा नेम. डॉक्टरीणबाईंचाही एक नेम होता. मला उचलताना त्यांच्या ओठांवर अल्लाहचं नाव असायचं, इतकं हळू की फक्त मलाच ऐकू यावं.

काही बाळांची जीभ खालच्या बाजूला एका पातळ पडद्यानं फार पुढेपर्यंत बांधलेली असते. जीभ वर उचलली जात नाही, पुढे येत नाही, मग बाळाला आईचं दूध नीट पिता येत नाही. अशा वेळी तो पडदा माझ्या फटीत धरायचा, जीभ पंखांवर अलगद तोलायची आणि कात्रीला वाट दाखवायची, एवढंच माझं काम.

एका सकाळी रावया आली. तिच्या कुशीत वीस दिवसांची शुरूक होती. सोबत सासू, हज करून आलेली हाज्जा तफीदा. तिच्या पिशवीत दुधाच्या पावडरीचा नवा डबा. आणि दाराबाहेर, उंबऱ्यापासून चार हात लांब, रावयाचा दीर ज़क्की.

"डॉक्टरीणबाई, पोरीत काही खोट नाही," हाज्जा बसायच्या आधीच बोलू लागली. "दूध आटवलं ते तो बाहेर उभा आहे ना, त्यानं! तिसऱ्याच दिवशी वांग्यांची टोपली घेऊन थेट बाळंतिणीच्या खोलीत! वांगी समोर आली की बाळंतिणीचं दूध आटतं, चाळीस दिवस तरी दम धरायचा की नाही?"

"आई, मी नुसतं विचारायला डोकावलो, वांगी कुठं ठेवू म्हणून!" बाहेरून आवाज आला.

"तू गप्प बस! आत पाऊल टाकशील तर बघ!"

उतारा म्हणून रावयाला तीच टोपली सात वेळा ओलांडायला लावली होती. दूध काही वाढलं नव्हतं. शुरूकचं वजन अजून जन्माच्या वजनालाही पोचलं नव्हतं. तासन्‌तास ती आईला चिकटलेली असायची आणि तरी रडायची. रावयाच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या.

"आज नाही जमलं तर आजपासून डबा," ती खाली बघत म्हणाली. "सासूबाईंचंही बरोबर आहे, पोर तर जगायला हवी. पण मला पाजायचंय हो. माझंच काहीतरी चुकत असेल."

"तुझं काही चुकत नाही, पोरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डबा लागला तर देऊ, त्यात लाज नाही. हाज्जा, वांग्यांचं नंतर बघू. आधी हिच्या तोंडात बघू."

लगेच मला कुणी उचललं नाही. आधी त्यांनी रावयाला पाजायला बसवलं. बाळाला धरायची पद्धत बदलून पाहिली, एकदा, दोनदा. शुरूकची जीभ टक् टक् वाजायची आणि तोंड सुटायचं. मी ताटलीत पडल्या पडल्या रावयाचे पाय बघत होते. वेदनेनं तिची बोटं चपलेत आवळली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी शुरूकची जीभ बोटानं उचलून पाहिली. जिभेचं टोक मधोमध खेचलेलं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं दिसत होतं.

"ही बघा तुमची वांगी," त्या म्हणाल्या.

हाज्जानं वाकून पाहिलं. मग शुरूकचा वरचा ओठ उचलून म्हणाली, "हा वरच्या ओठाचा बंधही कापा ना, लगे हात!"

"तो राहू द्या. तो तिच्या वाटेत येत नाही. जे आड येतं तेवढंच काढायचं."

घरात कुणाचं रक्त थांबत नाही असं कधी झालंय का, हे विचारून घेतलं. शुरूकला चादरीत गुंडाळलं. डोकं हाज्जाच्या हातात दिलं. डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर अल्लाहचं नाव आलं आणि मी जिभेखाली गेले. माझ्या फटीत तो पडदा अगदी हलकेच बसला. कात्रीचा एक आवाज. रक्ताचे दोन-चार थेंब, वर कापसाचा दाब, आणि शुरूक रडत आईकडे.

मित्रांनो, लगेच जादू झाली नाही. ती एकदा सुटली, पुन्हा सुटली. रावयाचे डोळे भरले. तिसऱ्यांदा मात्र शुरूकनं तोंड मोठं उघडलं, जीभ पुढे आली, आणि शांत खोलीत आवाज आला: घट्... घट्... घट्...

मी पाहिलं, रावयाच्या पायांची बोटं एकेक करून सैल झाली.

"गिळतेय," हाज्जा कुजबुजली. जरा वेळानं, त्याहून हळू, "म्हणजे वांग्यांचा काही दोष नाही?"

"काही नाही."

"या अल्लाह! आणि मी पोराला सतरा दिवस उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं!"

"तेही नुसती मसूर," बाहेरून आवाज आला.

"आत ये रे मेल्या," हाज्जा डोळे पुसत म्हणाली. "तुझी पुतणी बघ कशी पितेय."

आठवड्यानं शुरूकचं वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेलं. चाळिसाव्या दिवशी दवाखान्यात भरल्या वांग्यांचं पातेलं आलं. ते उचलून आणलं होतं ज़क्कीनं, आणि तो सरळ आतपर्यंत आला.

पुढे हाज्जा कितीतरी बाळंतिणींना घेऊन आली. पुष्कळ जणींना माझी गरजच पडली नाही, बाळ नीट कुशीत घ्यायला शिकवलं तरी भागलं. अशा दिवशी मी ताटलीतच राहायचे, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही.

मग डॉक्टरीणबाईंची नजर अधू झाली. इतरांकडे प्रकाशानं कापणारी यंत्रं आली. मी खणात गेले. एकदा झाडलोट करणाऱ्या बाईनं मला खजुराच्या डब्याचं झाकण उघडायला घेतलं. माझा एक पंख किंचित वाकला. आता मी कुठल्याच जिभेखाली जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी मला धुऊन, पुसून टेबलावर ठेवलंय. येणाऱ्या आया मला हातात घेऊन बघतात.

आज मला कात्रीचा हेवा वाटत नाही. देवानं मला धार दिली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. माझ्या वाट्याला उचलणं आलं. म्हणून एवढंच मागते, मित्रांनो: घरात बाळ रडत असेल, आई थकली असेल, तर आईवर, दिरावर, टोपलीवर बोट ठेवायच्या आधी बाळाला जाणकाराकडे न्या. जीभ उचलून बघायला एक क्षण लागतो. आळ उचलायला सतरा दिवस लागले होते.