दोनशे पानांची परवानगी

मी एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर आधी कानांची तयारी करा, कारण माझा आवाज म्हणजे पत्र्यावर कुणी घमेलेभर खडे ओतावेत तसा. तुमच्या पुस्तकांत शाईची अक्षरे असतात. माझ्या पुस्तकांत शाईचा थेंबही सापडायचा नाही. मी जाड, राकट कागदावर सुयांनी ठिपके उठवतो. सहा ठिपक्यांच्या जागेत कधी हे तर कधी ते ठिपके उठले की त्यांची अक्षरे होतात, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते लोक ती बोटांच्या टोकांनी वाचतात. दिवे गेले तरी त्यांचे वाचन थांबत नाही. तुमचे थांबते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला थोडी बढाई मारायला आवडते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या सुया बसवणारी बाई प्रत्येक ठिपक्यावरून स्वतःचे बोट फिरवून पाहायची. ठिपका बोथट लागला की सुई काढायची आणि दुसरी बसवायची. "टोचता कामा नये आणि निसटताही कामा नये," असे ती पुटपुटत असे. तिचे काम संपल्यावर मला पुढच्या टेबलावर नेले. तिथे माझ्या पोटात नखाएवढी एक पट्टी बसवली. ही पट्टी म्हणजे माझा हवालदार. प्रकाशकाने कुलूप लावून पाठवलेले पुस्तक माझ्याकडे आले, की परवानगी किती पानांची आहे हे हवालदार आधी बघणार, मग छापलेली पाने मोजणार आणि आकडा भरला की माझ्या सुया जागच्या जागी रोखणार. मला त्यात काही गैर वाटले नाही. लेखक बिचारा रक्त आटवून लिहितो. कुणी गुपचूप ढीगभर प्रती छापून विकू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. हवालदार प्रामाणिक होता. फक्त मोजण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते.

तिथून मी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आलो. भिंतीपलीकडे केशकर्तनालय होते. मी सुरू झालो की न्हावीदादा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब धरून उभे राहायचे. चार दिवस त्यांनी सहन केले, पाचव्या दिवशी ते कात्री हातात घेऊनच आले. मग ग्रंथपालबाईंनी माझ्याखाली एक जुनी गादी घातली आणि शेजारधर्म वाचला. पुढे न्हावीदादा माझे इतके दोस्त झाले की मी बंद असलो तर तेच विचारायला यायचे, "आज काय, तब्येत बरी नाही का याची?"

मी काय काय छापले म्हणून सांगू? परीक्षेचे पेपर, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, विजेची बिले, गाण्यांच्या वह्या. दोन प्रेमपत्रेही छापली, पण त्यांत काय होते ते मी सांगणार नाही.

आमच्या वाचनालयाची एक रीत होती. नवे पुस्तक छापायला घेतले की वाचक माझ्याशेजारच्या लांब बाकावर ओळीने बसायचे. पान बाहेर पडले की पहिल्याने वाचायचे, मग शेजाऱ्याकडे सरकवायचे, त्याने पुढच्याकडे. पुढे वाचलेल्याने मागच्याला काही सांगायचे नाही, हा कडक नियम. बाकावर पहिली जागा ताईंची असे.

ताई एका इस्पितळाच्या टेलिफोनवर बसायच्या. सगळ्या गावाचा आवाज त्यांच्या ओळखीचा. घरी त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघेच. दादा फार मायेचे. लहानपणापासून तेच ताईंना पुस्तके वाचून दाखवत. पण त्यांना एक खोड होती. ते मधले गाळायचे. नायक-नायिका बागेत शिरली, की दादांच्या वाचनात लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडायची. कुणाचा खून व्हायचा असला, की तो माणूस तापाने जायचा. एकदा एका रहस्यकथेत असेच एक गृहस्थ तापाने वारले आणि पुढच्याच पानावर दारात पोलीस उभे.

"दादा, पोलीस तापाला पकडायला आले का रे?" ताईंनी विचारले.

"असलं ऐकून तुला झोप लागत नाही," दादा म्हणाले.

ताई तेव्हा चाळिशीच्या होत्या. इस्पितळाच्या फोनवर रोज काय काय ऐकत होत्या ते दादांच्या गावीही नव्हते. ताईंची एकच इच्छा होती. एक तरी रहस्यकथा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मधे कुणीही नसताना, आपल्या बोटांनी वाचायची.

अशात एक कादंबरी आली. गच्चीवर झालेल्या खुनाची. जो तो तिच्याबद्दलच बोलत होता. ग्रंथपालबाईंनी प्रकाशकाकडे अर्ज केला. किती पानांची परवानगी हवी या प्रश्नापुढे त्यांनी पुस्तकाचे शेवटचे पान उघडून पाहिले आणि तिथला आकडा उतरवला. दोनशे. प्रकाशकाने मोठ्या मनाने दोनशे पानांची परवानगी देऊन टाकली. आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कारण मित्रांनो, ठिपक्यांना जागा लागते. तुमचे एक पान म्हणजे माझी जवळजवळ तीन पाने. रोज ब्रेलमध्ये काम करणाऱ्या माणसांच्याही हे त्या आनंदात ध्यानात आले नाही. हवालदाराच्या ध्यानात येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

छपाईच्या दिवशी बाक भरला. ताई पहिल्या, मग मालिशवाले काका, मग खुर्च्या विणणाऱ्या मावशी. ताई वाचता वाचता श्वास रोखायच्या, तर काकांचा जीव कासावीस व्हायचा.

"ताई, दचकायचं तर आवाज न करता दचका. आम्ही अजून मागे आहोत," काका म्हणाले.

मी जोशात होतो. गच्चीचे दार आतून बंद होते. इन्स्पेक्टर जिना चढला. त्याने दाराला कान लावला, आणि माझ्या सुया थांबल्या. दोनशे पाने भरली होती. ताईंचे बोट ओळीच्या शेवटी गेले, खाली उतरले आणि कोऱ्या कागदावर इकडेतिकडे शोधत राहिले. मला इतके वाईट कधीच वाटले नव्हते. सुया शाबूत, कागद भरपूर, अंगात जोर, आणि तरी मी दगडासारखा गप्प.

"उरलेलं मी वाचून दाखवतो ना," ताईंना न्यायला आलेले दादा म्हणाले.

"नको. तुझ्या वाचनात खुनीसुद्धा तापाने जाईल."

मालिशवाले काकांच्या ओळखीचा एक माणूस असली कुलपे चुटकीसरशी तोडून द्यायचा. ताईंनी तेही मोडून काढले. "मी काय चोर आहे का लपून वाचायला? मला उजळ माथ्याने वाचायचंय."

मग दादा आणि ताई प्रकाशकाच्या कचेरीत गेले. तिथे काय झाले ते दादांनी परत आल्यावर नकला करून सांगितले. तिथले साहेब म्हणाले, "दोनशे पानांच्या पुस्तकाला दोनशे पानं दिली. आणखी चारशेवर काय छापणार?"

"उरलेलं पुस्तक," ताई म्हणाल्या.

"उरेल कसं? संपलं की ते."

शेवटी साहेबांनी हात वर केले. परवानगी वाढवायची तर सरकारी कचेरीतून पत्र आणा, म्हणाले. सरकारी कचेरीतल्या बाई स्वभावाने गोड होत्या. त्यांनी दोघांना पाणी दिले आणि सांगितले, "नियमात पान म्हणजे पान. केवढं पान ते लिहिलेलं नाही. त्यासाठी समिती बसते."

"कधी बसते?" दादांनी विचारले.

"अजून नेमायची आहे."

हे सांगताना दादांचा आवाज चढला होता. बहिणीसाठी आयुष्यभर निवडून टिपून वाचणारा तो माणूस, दुसऱ्या कुणी तिच्यासाठी पाने मोजलेली पाहून मनातून चिडला होता.

ताई मात्र दुसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसल्या त्या हसतच. "आपण लिहू या की पुढचं," त्या म्हणाल्या. "आपण लिहिलेलं आपण वाचायला कुणाची परवानगी लागत नाही ना?"

मग काय विचारता. खोलीत नुसता कल्ला. काकांनी खुनी म्हणून गावच्या न्हाव्याला धरले. भिंतीपलीकडून न्हावीदादा तावातावाने आले आणि आपल्या धंद्याची बाजू मांडून गेले. मावशींना खुनाचे काही सोयरसुतक नव्हते, त्यांना नायक-नायिकेचे लग्न लावून हवे होते. ताईंनी बागेतला प्रसंग लिहायला घेतला आणि आयुष्यभर गाळलेल्या सगळ्या सकाळींचे उट्टे काढले. दादांनी कानांवर हात ठेवले, पण बोटे फटीफटीने ठेवली, हे मी पाहिले.

ते लिखाण माझ्याकडे आले तेव्हा हवालदार गप्प बसला. त्यावर कुलूपच नव्हते. मित्रांनो, मी असे छापले, असे छापले, की गादी सरकत सरकत भिंतीला टेकली. संध्याकाळी ताई सगळ्यांना वाचून दाखवू लागल्या. न्हावीदादा ऐकायला यायचे, आणि एकदा तर त्यांच्यामागून एका गालाला साबण लावलेले गिऱ्हाईकही येऊन उभे राहिले. वस्तऱ्याखालची बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही. ती फिरत फिरत थेट त्या कादंबरीच्या लेखकापर्यंत गेली.

लेखक आले ते जरा गुर्मीतच आले. त्यांनी टेबलावरची पाने उचलली, उलटी धरली, सुलटी धरली, त्यांवरून हात फिरवला. पांढऱ्या कागदावर त्यांना काही म्हणता काही कळेना.

"यात काय आहे ते जरा वाचून दाखवता का?" त्यांनी विचारले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "त्याला लेखकाची परवानगी लागते."

"लेखक मीच."

"पहिल्या दोनशे पानांचे. ह्या पानांचे आम्ही. अर्ज करा, आणि पानं किती ते नीट मोजून लिहा."

लेखकांनी खुर्ची ओढली, खिशातून पेन काढले आणि खरोखर अर्ज लिहिला. पानांच्या जागी त्यांनी लिहिले, "जेवढी असतील तेवढी सगळी." अर्ज ग्रंथपालबाईंनी मोठ्याने वाचला. ताई हसल्या आणि वाचू लागल्या. न्हाव्यावर आळ आला तेव्हा लेखक खो खो हसले. बागेचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचून घेतला. "हे माझ्याहून बरं जमलंय," असे म्हणाले. मग दोनशे पानांची भानगड त्यांना कळली. "मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. लेखकच हो म्हणाल्यावर साहेबांना सरकारी पत्र लागले नाही, नवी परवानगी आली. तिच्यात पानांचा आकडा नव्हता. त्या पुस्तकाची जेवढी पाने होतील तेवढी सगळी, असे लिहिले होते. हवालदाराने ते वाचले आणि आपला सलाम ठोकून बाजूला झाला.

इन्स्पेक्टरने दार उघडले. माझ्या सुया चालू लागल्या. शेवटचे पान ताईंच्या हातात पडले तेव्हा मी आपोआप थांबलो, कारण आता खरोखर पुस्तक संपले होते. ताईंनी ते पान दोनदा वाचले. नियमाप्रमाणे त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून काका बाकावर चुळबुळ करू लागले.

दारात दादा उभे होते. त्यांनी शाईचे पुस्तक मुद्दाम उघडले नव्हते. "कोण गं निघाला?" त्यांनी विचारले.

"बस इथे," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून वाचून दाखवते."

आता माझे वय झाले. पलीकडच्या टेबलावर नवा प्रिंटर आला आहे, मांजराच्या पावलांनी छापणारा. मधे काही काळ मला जुन्या चादरीखाली झाकून ठेवले होते, तेव्हा न्हावीदादांनीच विचारपूस करून मला बाहेर काढायला लावले. आज माझ्या दोन सुया झिजल्या आहेत. तरी घाईचे काम आले की मलाच हाक मारतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना अधूनमधून तेल द्या, सुया वेळेवर बदला, आणि कुणाच्या पोटात हवालदार बसवायची वेळ तुमच्यावर आली, तर पुस्तक जो वाचणार आहे, त्यालाच आधी जाऊन विचारा. आणखी एक. घरात कुणाला वाचून दाखवाल तेव्हा मधली एक ओळही गाळू नका. त्यांना नको असेल, तर ते स्वतः पान उलटतील.