एकाच तारखेची भावंडं

दुभाष्याचं काम नळासारखं. इकडून आलेलं तिकडे सोडायचं, पदरचं काही घालायचं नाही. अकरा वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं होतं.

आज त्याच्या शेजारी त्याच्याच मुलखातली एक सुईण बसली होती. तिचा आश्रयाचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता आणि ही शेवटची सुनावणी. इथेही नकार मिळाला, तर आठवड्याभरात तिला विमानात बसवून परत पाठवणार होते. तिकडे तिच्या भावाला मारणारे उजळ माथ्याने फिरत होते आणि तिने त्यांना पाहिलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अधिकारी काही दुष्ट नव्हता. नियमावर बोट ठेवणारा, इतकंच.

“भाऊ तीन वर्षांनी मोठा म्हणता. शाळेच्या दाखल्यांवर दोघांची जन्मतारीख एकच, सालासकट. मग तो तुमचा भाऊ कसा?”

“बाबांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, साहेब. मास्तरांनी अंदाजाने एकच तारीख टाकली. आमच्याकडे सगळ्यांचं असंच.”

“शेकडो बाळंतपणं केलीत आणि स्वतःची जन्मतारीख माहीत नाही?”

“माझ्या आईचं बाळंतपण मी कुठे केलं?”

दुभाष्याने तेही जसंच्या तसं सांगितलं. कोणी हसलं नाही. अधिकाऱ्याने नकार लिहायला पेन उचललं.

मधे स्वतःचं बोलला की काम गेलं, हे दुभाष्याला पाठ होतं. घरी दोन मुलं शिकत होती. तरी त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“हे माझे शब्द आहेत, साहेब. माझ्या आणि माझ्या बहिणीच्या दाखल्यांवरही एकच तारीख आहे, सालासकट. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचे आईबाप एकच.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही पक्ष घेतलात. तुमचं बोलणं नोंदवता येणार नाही. सुनावणी रद्द. दोन महिन्यांनी नव्याने होईल, दुसरा दुभाषी येईल. तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. तिच्यापुरतं तिला सांगा.”

त्याने सांगितलं. सुनावणी रद्द, दोन महिन्यांनी नवी, तोवर कोणी पाठवणार नाही. सुईणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती आणि त्याला फार बरं वाटलं.

“तुम्ही मधेच काय बोललात हो?” डोळे पुसत तिने विचारलं.

“काही नाही, ताई. तारखेचंच.”

मग ती अधिकाऱ्याकडे वळून काहीतरी बोलली, अगदी काकुळतीने.

“काय म्हणतेय ती?” अधिकाऱ्याने विचारलं.

जे आलं ते सोडायला हवं होतं.

“‘पुढच्या वेळीही मला हाच माणूस द्या,’” तो म्हणाला. “‘माझं म्हणणं हा नीट सांगतो.’”