टिकली लावलेला चंद्र

सुटीत मणिबेलीला घरी आलेली सोनम तापाने गेली. तिची खाट, ताट, कपडे सगळं तिच्या आईने, तुळशीबाईने, रिवाजाप्रमाणे मसणात नेऊन ठेवलं. गेलेल्याची वस्तू घरात राहिली की त्याचा पाय निघत नाही, एवढंच ती म्हणाली. मग तिचं बोलणंच आटलं. नवऱ्याला, नवलसिंगला, ती 'सोनमचा बा' अशी हाक मारायची; तेही थांबलं. दुसरी हाक तिला येत नव्हती.

पावसाळा सरल्यावर अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतून निरोप आला, की पोरीने केलेलं मॉडेल कपाटात पडून आहे. नवलसिंग आणायला गेला.

मधोमध वाळका भोपळा, ती पृथ्वी. त्यातून निघालेल्या बांबूच्या कामटीच्या टोकाला मातीचा गोळा, तो चंद्र. चंद्राच्या भोपळ्याकडच्या अंगाला लाल टिकली. गिरधर सरांनी कामटी फिरवून दाखवली. चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी घालतो तेवढ्यात स्वतःभोवतीही एकदाच वळतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. पोरांना पटेना, तेव्हा सोनमने टिकली लावली, म्हणाले. नवलसिंगने मान हलवली. सरांचा चहा प्यायला. गोड होता की नाही, कळलं नाही.

परतीच्या बोटीत इंद्रसिंग नावाडी म्हणाला, "काका, भोपळ्याचं वेगळं भाडं पडेल हां." लोक हसले. नवलसिंगचंही तोंड हसलं.

हे घरात ठेवावं असं त्याला वाटत होतं. पण बायकोला सांगायचं कसं? तुळशीबाई काठावरच उभी होती. उजेड असेतो मसणात ठेवून येऊ, म्हणाली. तो तिच्यामागे टेकडी चढला.

तिथे खाटेची दोरी पावसाने कुजली होती. दोघं बघत राहिले. रडू कुणालाच आलं नाही. मॉडेल खाली ठेवताना त्याने सर म्हणाले ते सांगितलं आणि कामटी हळूच फिरवली. चंद्र पलीकडे गेला, फिरून अलीकडे आला. टिकली भोपळ्याकडेच बघत होती.

तुळशीबाई खाली बसली. तिने स्वतः एकदा फिरवलं. मग टिकलीवर बोट ठेवलं.

"सोनमचा बा, ही माझ्या पाकिटातली आहे. विचारून नेली होती."

तोही खाली बसला.

"माझी वस्तू इथे कशाला ठेवायची?"

तिने भोपळा कडेवर घेतला आणि ती उतरू लागली. कामटी झाडोऱ्यात अडकू नये म्हणून नवलसिंग चंद्र हातात धरून शेजारून चालला.