बरकतीची परात

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी परात. मला काठ आहे, पोट आहे, पण तोंड नाही. असतं तर ही गोष्ट मी वेळेवर सांगितली असती.

नागपूरच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि हाजराबीच्या निकाहात मी अल्लीपूरला, पिंजाऱ्याच्या घरी आले. वर्षातून एकदा कल्हई झाली की मी चकाकून निघे. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणत, "हाजरा, तुही परात नवरीवानी दिसते." मी मनातल्या मनात फुगत असे. परातीच्या नशिबी दुसरं काय असतं?

त्या घरी सगळे माझ्याभोवती बसून एकत्र जेवत. बिस्मिल्ला म्हणायचं आणि आपापल्या समोरच्या बाजूनं खायचं. मधे हात घालायचा नाही, कारण बरकत मधोमध उतरते. मधलं शेवटी, वाटून. पोटाचे तीन वाटे करावे, एक अन्नाचा, एक पाण्याचा, एक श्वासाचा, असं रसूल पैगंबरांनी सांगितलंय, हे हाजराबी सुनेला शिकवी. जेवण झालं की अल्हम्दुलिल्लाह. ज्यानं खाऊ घातलं, पाणी पाजलं, त्याचा शुकर, त्याचे आभार. आणि एकदा कुणी शुकर केला की त्याला आणखी एक घास घे म्हणून आग्रह करायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. मला तो रिवाज फार शहाणा वाटे.

१९५४ साली तालुक्याला कापूस पिंजायचं यंत्र लागलं. हाजराबीचा मुलगा चांदभाई पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडे आणि तसाच परत येई. घरात त्याची बायको जैतून, तिच्या अंगावर दोन महिन्यांचं लेकरू. माझ्यात आता दोन भाकरी चुरल्या जात आणि त्यावर वरण पडे. वरण कसलं, हळदीचं पाणीच ते. खाणारी मोठी माणसं तीन.

आणि हाजराबी चार घासांत शुकर करू लागली.

एवढंच असतं तर कुणाच्या नजरेला आलं असतं. पण खाल्ल्यासारखं करत ती आपल्या बाजूचं अन्न बोटांनी हळूच मधे सारत असे. ते बोट माझ्या अंगावरून जाई, म्हणून मला कळे. जेवण संपताना चांदभाईला मधे ढीग दिसे आणि त्याचे डोळे भरून येत.

"पाह्य जैतून, दोन भाकरीत तिघं जेवलो अन् उरलंच. आपल्या परातीत बरकत हाय."

त्यानं हे गावभर सांगितलं. लोक मला पाहायला येऊ लागले, काठाला हात लावून डोळ्याला लावू लागले. मित्रांनो, जन्मात माझी एवढी स्तुती झाली नव्हती. मला ती सहन होत नव्हती. घासायला नेलं की मी दगडावर आदळून मोठ्यानं वाजे. जैतून म्हणे, "लय वाजते ही परात," आणि मला पालथी घाली.

मनकर्णाबाईंना मात्र संशय आला.

"बुढे, तुह्या बांगड्या कोपरापर्यंत चढून राह्यल्या."

"कमी खा म्हणते आमचा धरम. एकच वाटा अन्नाचा."

"अन् बाकीचे दोन?"

"पाणी पेते नं मी. श्वास बी घेते."

"तो तरी पुरा घेत जाय," म्हणत त्यांनी पदराखालून भाकर काढून दिली. हाजराबीनं ती घेतली आणि संध्याकाळी माझ्यातच चुरली.

थंडीत एके दिवशी ती खाटेवरून उठलीच नाही. "तुम्ही बसा," म्हणाली. जैतूननं तिचा वाटा आधी एका वाटीत काढून ठेवला. दोघं जेवले. चांदभाईनं मधे पाहिलं. मधे नुसतं तांबं होतं.

"आज बरकत काऊन नाई?"

जैतूननं वाटीकडे पाहिलं. त्यानं वाटी उचलली आणि माझ्या मधोमध पालथी केली. रोजचा ढीग. तेवढाच, तसाच.

"तुले माईत होतं?"

तिनं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. "आठ दिवस झाले. दूध आटून राह्यलं होतं माह्यं."

तो तिला बोलणार काय? तो ढीग त्यानंही खाल्ला होता.

मला उचलून तो खाटेपाशी गेला. मला पाहताच म्हातारीचे ओठ शुकर करायला हलले. त्यानं त्यांवर हात ठेवला. "शुकर मंग करजो, अम्मा. आधी खाय."

पहिला घास बाहेर आला. दुसराही आला. तिसरा कसाबसा गेला. मनकर्णाबाई ज्वारीची पेज घेऊन धावत आल्या, पण फार दिवसांचं उपाशी पोट पेजेलाही ओळखेना. चौथ्या दिवशी हाजराबी गेली.

त्यानंतर चांदभाईनं मला जेवणात घेतलं नाही. घरात जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थाळ्या आल्या, ज्याची त्याला वेगळी. मी माळ्यावर काळी पडले आहे. कल्हईसाठी मी रडत नाही.

मित्रांनो, कमी खा, शुकर करा, दोन्ही चांगलं आहे. पण तुमच्या घरात कुणी रोज जेवणावरून सगळ्यांच्या आधी उठत असेल, तर त्याला हात धरून बसवा आणि आणखी एक घास घे म्हणा. रिवाज मोडला तर मोडू द्या.