सरळ केलेली रेघ

आमच्या संस्थेचे प्रमुख हरीओम सर. सुंदर दिसण्याचा त्यांना भारी सोस. शर्ट सुंदर, ऑफिसची पाटी सुंदर, आणि अहवालातला आलेख तर विचारूच नका.

आलेख मी काढते. ऑफिसचा कॉम्प्युटर इतका जुना की त्यावर धड काही चालत नाही. चालतो तो एक फुकटचा प्रोग्राम. त्यात माऊसचं काम नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, आकड्यांची फाइल दाखवायची, एंटर मारायचं. जसे आकडे तशी रेघ. तोंडदेखलं बोलणं त्याला येत नाही, म्हणून तो मला माणसांपेक्षा बरा वाटतो.

मेडशीकडच्या एका तांड्यातल्या लहान पोरांची तीन वर्षांची वजनं मी त्यात टाकली. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो, पोरं सोबत. होळीनंतर परत आली की मी पुन्हा तोलते. गोमतीबाईच्या नातवाची, बबलूची रेघ पावसाळ्यात चढायची आणि दर ऊसतोडीत धपकन खाली यायची. बाकीच्यांचंही तेच. हेच दाखवून आम्ही तांड्यावर हंगामी पाळणाघर मागणार होतो. तिथं गरम जेवण मिळालं, तर पोरं आज्यांजवळ घरीच राहिली असती. गोमतीबाईनं त्यासाठी आपली ओसरी देऊ केली होती.

सरांनी आलेख पाहून नाक मुरडलं. तीन वर्षं आपण पोषणाचं काम करतो आणि रेघ अशी पडते? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, पडते म्हणूनच तर मागतोय. त्यांना ते पटलं नाही. हुकमाच्या शेवटी ‘स्मूथ’ लिहिलं की खाचखळगे बुजून रेघ गुळगुळीत होते, हे त्यांनी कुठून तरी शिकून घेतलं होतं. मी जेवायला गेले तेव्हा त्यांनी तेवढा एक शब्द जोडला.

मालेगावच्या बैठकीत तो आलेख भिंतीवर झळकला. बबलूला मांडीवर घेऊन गोमतीबाई मागे बसली होती. पाळणाघर मंजूर करणारे साहेब हसत म्हणाले, तांड्यातली पोरं तर छान वाढताहेत, मग पाळणाघर कशाला? खरी गरज असेल तिथं देऊ. मी उठून सांगितलं की ही रेघ खोटी आहे, मूळ आकडे बघा. सर म्हणाले, वैष्णवी मनाला फार लावून घेते. मग संस्थेच्या कामाबद्दल टाळ्या झाल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून अंगाची आग होते.

दिवाळीनंतर तांड्यावर ट्रक लागला. मी वजनकाटा घेऊन गेले. या वर्षी गोमतीबाईही निघाली होती. फडात पोराकडे बघायला कुणी नसतं, आणि तिचे गुडघे तर घरातल्या घरातही साथ देत नाहीत. मी बबलूसाठी हात पुढे केले, तशी तिनं त्याला मागे ओढलं.

“आता कायले तोलतं त्याले, पोरी? तुमच्या चित्रात त तो वाढूनच राह्यला.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही. तिनं पोराला ट्रकमधल्या सुनेच्या हाती दिलं. मग पदर खोचला आणि माझा खांदा धरला.

“मलेबी वर चढाले हात दे.”

काटा खाली ठेवून मी तिला वर चढवलं.