माफीचा घास

धर्माबादच्या मिरचीचा ठसकाच असा, की बाजारात पोतं सोडलं तर पलीकडं तेलंगणातली म्हैस शिंकते, आणि तिच्या पाठीवरचा बगळा उडून थेट इकडं येऊन पडतो. असले बगळे गोळा करून विकणारेही गावात होऊन गेले म्हणतात. या मिरचीचे देठ खुडण्यात गुणाबाईचा जन्म गेला होता. म्हातारीनं नुसतं बोट बुडवलं तरी वरण तिखट होतं, अशी तिची ख्याती.

त्याच बोटांनी ती आज सकाळी शिरा करत होती.

गावची रीत होती. कुणाला मार लागला, तर मारणाऱ्याच्या घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं त्याला गोडाचा घास भरवायचा. घास गिळला की माफी झाली. पुन्हा त्या गोष्टीवर कुणी तोंड उघडायचं नाही.

पण गुणाबाईच्या लेकानं, भागवतनं, मारलं होतं ते पोलिसाला. त्यानं आपल्या नववीतल्या पोरीचं, उज्ज्वलाचं, लग्न काढलं होतं. "शाळेत जाता जाता पळून गेली तर नाक कुठं ठिवू?" एवढंच त्याचं म्हणणं. लग्न थांबवायला पोलीस आले, भागवतला धरू लागले, तेव्हा त्यानं आईच्या पुढ्यातलं सूप उचललं आणि त्यातलं तिखट भिरकावलं. ते शिपाई बुद्धप्रियाच्या तोंडावर गेलं. ती चाचपडत मागं सरली आणि मांडवाच्या खांबातल्या खिळ्यावर आपटली. डावा डोळा गेला. भागवत तुरुंगात गेला, तो अजून तिथंच होता.

गावात ही गोष्ट मोठ्या चवीनं चालायची. एका सुपात पलटण लोळवली, पोलिसांची जीपसुद्धा खोकत खोकत ठाण्यात गेली! लोक हसून लोळायचे. गुणाबाईला हसू येत नसे. तिनं त्या पोरीची किंकाळी ऐकली होती.

नांदेडच्या वाटेवर गाडीत तिच्या दिरानं, आप्पासाहेबानं, पुन्हा एकदा सगळं पढवलं. "वैनी, नवरदेवाच्या मामाची मोठ्या पुढाऱ्याकडं ऊठबस हाय. सरकारला खटला मागं घ्यायला लावतो म्हणला. फक्त त्या बाईनं माफ केलं म्हणावं. अन् मामाची अट एकच. लग्न आजच, माहूरला. हिकडं पोलीसबाई शिरा खाईल, तिकडं अक्षता पडतील."

"उज्ज्वलाला इचारलं का?"

"इचारायचं काय? बाप सुटतो म्हणल्यावर पोर आपल्या पायानं गाडीत बसली."

गुणाबाईनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. एकीकडं पोटचा लेक, दुसरीकडं नात. एकाला ओढावं तर दुसरी सुटत होती.

नांदेडातलं बुद्धप्रियाचं घर लहान होतं. तिची आई, भामाबाई, चहा घेऊन आली. आप्पासाहेबानं लगेच हात जोडले. "आत्ताच झाला." गुणाबाईनं घरून आणलेली पाण्याची बाटली पदराआड सारली.

"माफी आमच्या घरची चालती, चहा चालत न्हाई व्हय?" भामाबाई म्हणाली.

"माय, राहू दे," बुद्धप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता. "भागवतदादा आत सडले म्हणून माझा डोळा परत येत न्हाई. रोज उठून राग धरायचा म्हणजे त्यालाबी बळ लागतं. आजी, एकच सांगा. पोरगी शाळेत जाते ना?"

"हाव, जाते की! लई हुशार!" आप्पासाहेब घाईनं बोलला.

"मी आजीला विचारून राहिले."

गुणाबाईनं मान हलवली. होय की नाही, ते तिलाही कळलं नाही. डबा उघडून तिनं घास घेतला, हात पुढं केला. तो डावीकडून गेला. बुद्धप्रियाला दिसलाच नाही. तिनं मान वळवली, घास कुठं आहे ते शोधलं आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं.

गुणाबाईचा हात मध्येच थांबला.

"नगं खाऊ, लेकी," ती म्हणाली. "पोरगी माहूरला हाय. आज तिचं लगीन लावून राहिले."

"वैनी!" आप्पासाहेब ताडकन उठला. "भागवत सडंल तिथं! पोटच्या लेकाला गाडून राहिलात!"

"गाडून राहिले, भावजी." तिनं घास परत डब्यात ठेवला. "तो सुटून आला अन् पोर गेलेली असली, तर त्याला भाकर कोन्त्या हातानं वाढू?"

बुद्धप्रिया केव्हाच फोनवर माहूरच्या ठाण्याशी बोलत होती. पोरीला ताब्यात घ्यायला घरचं माणूस म्हणून आजी लागणार होती. जीप आली. जिच्या खोकण्यावर गाव हसून लोळायचं, तसल्याच जीपमध्ये गुणाबाई चढली आणि बुद्धप्रियाच्या डाव्या अंगाला बसली.

इस्लापूर मागं पडलं तेव्हा माहूरच्या पोलिसांचा फोन आला, लग्न थांबवलं होतं. हळद लागली होती, अक्षता पडायच्या राहिल्या होत्या. बुद्धप्रियानं फोन म्हातारीच्या कानाला लावला.

"आजे," पलीकडून उज्ज्वलाचा आवाज आला, "बाबाला सोडलं का?"

गुणाबाईनं घरची बाटली काढली. ती रिकामी होती. बुद्धप्रियानं आपली पुढं केली. म्हातारी त्या बाटलीला तोंड लावून घटाघटा प्यायली.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. "तू तिथंच थांब. मी येऊन राहिले."