पहिला टाका

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला ब्लफच्या बंदरात आल्बी ट्रेवीकने चाळीस वर्षं कालवांची बोट चालवली. त्याने धक्क्याला दोरीने बांधलेली बोट वादळातही जागची हलली नव्हती, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. मनगटाच्या ऑपरेशननंतर बोटं आखडली, तेव्हा फिजिओवाल्या पोरीने त्याला विणायला सांगितलं. बायको इतकी हसली, की केवळ तिला दाखवायला म्हणून तो बुधवारी गावच्या हॉलमधल्या विणकाम वर्गाला गेला.

वर्ग घेणारी नोलीन शाळेत त्याच्याच बाकावर बसायची. तिने लोकर आणि सुया त्याच्या हातात दिल्या.

"आधी सरकगाठ. तोच पहिला टाका."

"गाठ? मला?" आल्बीने सगळ्यांकडे बघून घेतलं. "नोलीन, तू चहा ठेव. तोवर होतंय."

झालीही. पण सुईवर अशी आवळून बसली, की जागची हलेना. नोलीनने कात्रीने कापली. दुसरी कापली. पाचवीला तिचा धीर सुटला.

"आल्बी, ही सरकायला हवी रे!"

"सरकली तर ती गाठ कसली?"

"लोकर आहे ही. पळून जात नाही कुठे."

शेजारी टॅम्सिन नावाची तरुण मुलगी बसली होती. तिचे एव्हाना वीस टाके झाले होते, पण तिची नजर आल्बीच्या गाठींवर. "काका, माझ्या ट्रेलरवरची ताडपत्री सारखी उडते. ती बांधून द्याल?"

आल्बी तत्काळ उठला. त्याच्यामागे अख्खा वर्ग गाडीतळावर गेला. दोरी कशी ओढायची, कुठे अडकवायची, हे त्याने तीनदा करून दाखवलं. परत येऊन चीज रोल खाल्ले आणि वेळ संपली. पुढच्या बुधवारी वर्गातल्या दोघी घरून दोऱ्या घेऊनच आल्या. महिन्याभरात वर्गातल्या सगळ्या बायका बोट बांधायला शिकल्या. बोट त्यांतल्या एकीकडेही नव्हती. आल्बीची सुई मात्र रिकामीच.

"काय विणलंस?" बायको दर आठवड्याला विचारायची.

"पाया चाललाय," तो म्हणायचा.

सहाव्या बुधवारी पाऊस होता, बाहेर कुणी जाईना. कुणी काही विचारेना. आल्बी खाली मान घालून बसला, फास केला, त्यातून दोरा ओढला आणि आवळायच्या वेळी, स्वतःच्याच हातावर चिडून, थांबला. सुई आत घातली. टाका सैल बसला. त्याने बोटाने ढकलला, तर तो सरकला.

"नोलीन!" त्याच्या हाकेने अर्ध्या हॉलने माना वर केल्या. "जमला!"

तिने चष्मा लावून पाहिलं. "छान. आता दुसरा."

"दुसरा?" आल्बीचा चेहरा पडला. "अजून आहेत?"

"टोपीला चौऱ्याऐंशी."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग सुईकडे. कोट काढून खुर्चीवर टाकला.

"मग चहा ठेव," तो म्हणाला. "आणि ती कात्री माझ्या नजरेसमोरून उचल."